पाच दिवस हसायचं नाही

"शिंची गाठ! पुन्हा सुटली."

माझ्या डाव्या कानापासून चार बोटांवर कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटणारे डॉक्टर घारपुरे होते, आणि ते माझ्याशी बोलत नव्हते, सिस्टरशीही नाही. ते माझ्या गळ्यावर बांधलेल्या गाठोड्याशी बोलत होते. त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता. दिसत मात्र काहीच नव्हतं. खांद्याखाली उशी, डोकं मागे टाकलेलं, त्यामुळे मला फक्त छत, छतावरचा पंखा आणि पंख्याला लटकलेलं एक जळमट एवढंच जग शिल्लक होतं.

"हे दोन धागे सैल, हाही सैल. बाई, तुम्ही हसलात."

मी पाटी चाचपली. बोलायला बंदी होती म्हणून ह्यांनी बाजारातून एक दगडी पाटी आणून दिली होती. सातवीत सुटलेली पाटी एकतिसाव्या वर्षी परत हातात आली. त्यावर न बघता लिहिलं, 'थोडीच.'

"थोडीच?" डॉक्टर म्हणाले. "कातडीला थोडंबहुत कळत नाही."

ह्याला आता बावीस वर्षं झाली. मिरजेचं एक हॉस्पिटल, ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस.

आमचा जयसिंगपूरला भडंगाचा धंदा. त्याच्या चार वर्षं आधी फोडणीचं उकळतं तेल माझ्या गळ्यावर आलं होतं. जखम भरली, पण भरताना आवळत गेली, आणि एक दिवस लक्षात आलं, की माझी हनुवटी छातीला चिकटल्यासारखी झाली आहे. मान वर होईना. गुळण्या करता येईनात. लोकांशी बोलायचं तर त्यांच्या चपलांशी बोलल्यासारखं. आम्ही जैन, कुंभोजच्या बाहुबलीला दर वर्षी जायचो. डोंगराच्या पायथ्याशी एवढी उंच मूर्ती, आणि मी चार वर्षं तिचे फक्त पाय बघून परत येत होते. बाकीचे लोक चेहरा बघून हात जोडायचे. मी नखं मोजायचे. पाय सुंदरच आहेत, पण पायांना मागणं तरी काय मागायचं?

तर डॉक्टरांनी आवळलेली कातडी कापून मान मोकळी केली. मोकळ्या झालेल्या जागेवर माझ्याच मांडीचा पातळ पापुद्रा काढून पसरला आणि कडेनं टाके घातले. टाक्यांचे धागे तोडले नाहीत, लांबच्या लांब ठेवले. वर औषधी जाळी, त्यावर ओल्या कापसाचा बोळा, आणि मग ते समोरासमोरचे धागे बोळ्यावरून ओढून एकमेकांना घट्ट बांधले. दिवाळीत आम्ही पुण्या-मुंबईला भडंगाची पार्सलं पाठवायचो, ती अशीच बांधायचो. हे पार्सल मात्र माझ्या गळ्यावरच राहणार होतं.

"ही कातडी अजून तुमची नाही," डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. "पाहुणी आहे. खालून तिला रक्त मिळालं तर राहील. त्याला पाच दिवस लागतात. तेवढ्यात ती जरा जरी सरकली, तरी गेली. म्हणून पाच दिवस बोलायचं नाही, चावायचं नाही, खोकायचं नाही आणि हसायचं नाही."

मी पाटीवर विचारलं होतं, 'रडलेलं चालेल?'

"हुंदके न देता."

आणि दुसऱ्याच दिवशी मी हसले होते.

"कोण हसवतं हिला?" डॉक्टरांनी आता आवाज चढवला. "हे परत सुटलं आणि आतली कातडी हलली, तर सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या मांडीची कातडी काढावी लागेल. कोण आहे तो विनोदी माणूस?"

खाटेच्या पायथ्याशी माझ्या सासूबाई होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या ताठ आवाजात म्हणाल्या, "आमच्यातलं कुणी न्हाई, डॉक्टर. आमच्या घरात कुणी हसत न्हाई."

हे त्यांनी असं सांगितलं, की जणू घरात कुणी दारू पीत नाही.

खिडकीजवळ हे उभे होते. माझे मालक, भूपाल. मला दिसत नव्हते, पण खिडकीचं दार उगीचच एकदा उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

"म्या हसिवलं, डाक्टर," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "मला काय ठावं, हिला हसायची बंदी हाय म्हून?"

ह्या जतच्या शेवंताबाई. चुलीत तोल जाऊन त्यांच्या हाताची मागची बाजू जळाली होती, आणि तिथं मांस भरावं म्हणून डॉक्टरांनी तो हात त्यांच्याच पोटाला शिवून ठेवला होता. तीन आठवडे हात पोटात. सकाळी सिस्टर ड्रेसिंगला आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सिस्टर, ह्यो हात आत काय हुडकतोय म्हनावं? तीन आठवडं झालं, अजून घावंना व्हय त्येला?"

हसवू नये हे डॉक्टरांनी शेवंताबाईंना सांगायला हवं होतं, मला नव्हे.

डॉक्टर पुन्हा गाठी मारायला लागले. नायलॉनचा धागा, गुळगुळीत. एक गाठ बसेपर्यंत दुसरी ढिली. पुटपुटणं चालूच. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, घसा खाकरून, अगदी हळू.

"तिसरा वेढा घ्यावा लागतो."

"काय?"

"न्हाई, आम्ही प्लास्टिकच्या सुतळीनं पार्सल बांधतो. दोन वेढ्यानं ती सरकतीच. तिसरा उलटा घेतला की मग... न्हाई, आपलं सांगितलं."

मोठ्या डॉक्टरांना गाठ शिकवणारा माणूस मिरजेत त्या दिवशी पहिल्यांदाच उगवला असावा.

"घेतला," डॉक्टर थोड्या वेळानं म्हणाले. "चौथाही घेतो. आणि आता ही गाठ तुमच्या ताब्यात. पाचव्या दिवसापर्यंत हिला हसू येता कामा नये."

"येणार न्हाई," हे म्हणाले.

ज्यांनी ह्यांना पूर्वी पाहिलं होतं, त्यांना ह्या वाक्यावरच हसू फुटलं असतं.

पूर्वी म्हणजे तेल सांडायच्या आधी. तेव्हा आमच्या दुकानात लोक पावशेर भडंग घ्यायला यायचे आणि तासभर थांबायचे, कारण काउंटरवर भूपाल असायचे. ते एसटीचा कंडक्टर करायचे, सांगलीच्या हळदीच्या सौद्यातला अडत्या करायचे, आमच्या गल्लीतली वरची पट्टी लावून भांडणारी बाई करायचे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरलं की त्याचीच चाल करून दाखवायचे. मी लग्न करून आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, की ह्या घरात चौदा-पंधरा माणसं राहतात.

नंतर ते सगळं थांबलं. त्यांनी तसं काही जाहीर केलं नाही. फक्त एक-एक माणूस घरातून निघून गेला. कंडक्टर गेला, अडत्या गेला. राहिले ते वजन करणारे आणि पुडा बांधणारे भूपाल. गिऱ्हाईक तुटलं नाही, पण लवकर परत जायला लागलं.

आत्याबाईंनीही त्याच सुमारास एक नेम घेतला. आमच्यात नेम घेणं नवं नाही. कुणी बटाटा सोडतं, कुणी साखर. आत्याबाई कांदा-लसूण आयुष्यात खाल्लेल्या नाहीत, आणि भडंग तर लसणावाचून होत नाही. म्हणून रोज सकाळी पहिला घाणा बिनलसणाचा, खास त्यांच्यासाठी. वाटीभर घेऊन त्या उंबऱ्यावर बसायच्या, आणि पुढचे सगळे घाणे नुसत्या वासावरून पास-नापास करायच्या. नाक वर, डोळे मिटलेले. "लसूण कच्चा हाय." कधी चुकायच्या नाहीत. तर त्यांनी सोडलं ते भडंगच. चार वर्षं चुरमुरा तोंडात घातला नाही. विचारलं की म्हणायच्या, "दात दुखत्यात." दात असे, की सुपारी फोडतील. मी मनाशी धरून चालले होते, की हा माझ्यावरचा राग आहे.

तेल कसं सांडलं, ते केसपेपरवर लिहिलेलं होतं. कढईचा कान तुटला. पहिल्या दिवशी दवाखान्यात तसं सांगितलं गेलं, मग पाहुण्यांना, मग माहेरी, मग सगळ्या जयसिंगपूरला. आत्याबाईंनी ती कढई आठ दिवसांत मोडीत घातली. मोडवाला ती उलटीपालटी करून म्हणाला, "आज्जी, चांगली कढई कशापायी मोडता?" आत्याबाई त्याच्यावर अशा कडाडल्या, की तो काटा न बघताच निघून गेला.

असो. वॉर्डात परत येऊ.

ह्यांनी गाठीची राखण सुरू केली. आमच्या आणि शेवंताबाईंच्या मध्ये पडदा ओढला. शेवंताबाई पडद्याआडून म्हणाल्या, "म्हंजे मी आता गोशात का?" ह्यांनी त्यांना हात जोडल्याचं मला पंख्याच्या पात्यात दिसल्यासारखं वाटलं. सिस्टरला बजावलं, की आत येताना तोंड गंभीर ठेवा. ती बिचारी पोरगी एवढी गंभीर यायची, की मला वाटायचं, आपलं काही खरं नाही.

मग ह्यांनी वर्तमानपत्र आणलं आणि मला हसू येणार नाही असा मजकूर शोधून वाचायला लागले. पहिल्यांदा निधनवार्ता. त्या संपल्यावर बाजारभाव. स्टुलावर बसून, एका सुरात. "सांगली. हळद राजापुरी. किमान. कमाल. सरासरी. गूळ. किमान. कमाल." नळीनं ताक पीत, छताकडे बघत, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या सगळ्या मालाचे भाव ऐकत होते. मांडी आगीसारखी जळत होती. गळ्यापेक्षा मांडीच जास्त दुखते हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी पाटीवर लिहिलं, 'मांडी दुखते.' ह्यांनी वाचलं, थांबले, आणि म्हणाले, "शेंगदाणा. किमान..." आवाज जरा घोगरा झाला होता.

आत्याबाई सूर्यास्ताआधी जेवायच्या, आणि हॉस्पिटलचं जेवण सात वाजता. त्यामुळे साडेपाचला त्या घरून आणलेला डबा घेऊन वऱ्हांड्यात बसायच्या आणि तेवढा अर्धा तास आम्ही दोघंच असायचो. चौथ्या दिवशी त्याच वेळेला ते घडलं.

हे वाचत होते. "सांगली. हळद." आणि कसं कोण जाणे, पुढचा आकडा अडत्याच्या आवाजात आला. सौद्यात बोली चढते तसा, नाकातून, शेवटचं अक्षर उंच ओढत. एकच आकडा. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. चार वर्षांनी तो माणूस असा अचानक वॉर्डात येऊन उभा राहिला, आणि माझ्या पोटात हसू उसळलं. मी दात आवळले. पोट आवळलं. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. पण गळ्यावर एक धागा ताणला गेला, तो मला स्पष्ट जाणवला.

ह्यांचा चेहरा माझ्यावर झुकला. पांढराफटक.

"काय झालं? तुटलं? बोलू नकोस! बोट वर कर, तुटलं का?"

मी बोट आडवं हलवलं. नाही. त्यांनी गाठी एक-एक करून डोळ्यांनी मोजल्या. ओठ हलत होते. सगळ्या भरल्यावर कुठं त्यांनी श्वास सोडला. मी पाटीवर लिहिलं, 'वाचा की. तसंच.'

त्यांनी ते वाचलं. वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा एकदा घातली, आणि ती स्टुलावर ठेवून बाहेर निघून गेले. पडद्याआडून शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, ह्यो मानूस लई भारी हाय की! दाबून का ठेवलाय म्हनायचा?"



आत्याबाई हात धुऊन आत आल्या. "भूपाल कुठं गेला? असा का गेला?"

मी जुनं पुसून नवं लिहिलं. 'मोडवाला काय म्हणाला होता, आठवतं?'

माझ्या डोक्याशी वाकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पाटी जवळ धरली, लांब धरली. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांना अक्षर लावायला वेळ लागायचा. एवढा मात्र लागायचा नाही. मग त्यांनी पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि पाटी स्वच्छ पुसली. कोपरेसुद्धा पुसले. माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "ताक घे. मीठ घातलंय."

पाचव्या दिवशी दहा वाजता डॉक्टर आले. बरोबर एक शिकाऊ डॉक्टरीण होती, हातात माझा केसपेपर घेऊन. सिस्टरनं पडदा बाजूला सारला, तेव्हा शेवंताबाईंनी पोटातल्या हातासकट कूस बदलायचा प्रयत्न केला.

"पडून राहा," डॉक्टर म्हणाले.

"बघू द्या की जरा. आमीबी पाच दिस बोललो न्हाई."

डॉक्टरांनी कात्री घेतली. धागे तुटण्याचे बारीक आवाज यायला लागले. कच्, कच्. हे माझा हात धरून उभे होते. कापसाच्या बोळ्यावर सिस्टरनं पाणी सोडलं, तो भिजवला, आणि डॉक्टरांनी तो इतक्या हळू उचलायला घेतला, की उकळलेल्या दुधावरची साय काढताना मीही एवढा जीव लावत नाही. मग जाळी.

डॉक्टर अजून खाली वाकले.

"सिस्टर, दिवा जवळ घ्या," डॉक्टर म्हणाले.

दिवा जवळ आला. वेलदोड्याचा वास जवळ आला. मी पंख्यावरचं जळमट बघत मनात नवकार म्हणत होते, आणि तिसऱ्या ओळीलाच अडखळत होते.

"धरलीय."

एवढंच म्हणाले ते. मग बोटानं हळूच दाबून बघितलं. "हे बघा, दाबलं की पांढरी आणि सोडलं की गुलाबी. रक्त आलंय आत. इथं कोपऱ्यात चिंचोक्याएवढं काळं पडलंय, ते आपोआप भरेल. बाकी सगळी धरली. आता ही पाहुणी नाही. घरची झाली."

सिस्टरनं आरसा धरला. पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाचा, भेगाभेगांच्या नक्षीचा एक तुकडा माझ्या गळ्यावर बसला होता. सुंदर नव्हता. पण हनुवटी आणि छाती ह्यांच्यामध्ये गळा होता. माझा गळा मी चार वर्षांनी बघत होते.

"अवो, रडा की आता," शेवंताबाई म्हणाल्या. "हुंदक्यासकट रडा."

डॉक्टर हात पुसत ह्यांच्याकडे वळले. "गाठ छान सांभाळलीत. आता खरं काम पुढे आहे. ही कातडी परत आवळायला बघणार. तीन आठवडे गळ्याला पट्टा, दिवसभर. त्यानंतर व्यायाम. मान मागे टाकायची, तोंड मोठं उघडायचं. रोज, वर्षभर. बायका हे व्यायाम आठ दिवस करतात आणि कंटाळून सोडून देतात." मग त्यांना काहीतरी सुचलं असावं, कारण आवाजात गंमत आली. "त्याहून सोपा उपाय सांगू? हिला हसवा. चांगलं खदखदून. माणूस खरं हसतो तेव्हा मान आपोआप मागे टाकतो. तीन आठवड्यांनी सुरू करा. दिवसातनं दहा वेळा."

ते दाराकडे वळणार होते. पण कुणी 'हो डॉक्टर' म्हटलं नाही, म्हणून थांबले.

ह्यांनी माझा हात सोडला होता.

"काय झालं?"

"ते माझ्याकडनं न्हाई व्हायचं, डॉक्टर," हे म्हणाले. "बाकी काय सांगाल ते करतो. मालिश करतो, पट्टा बांधतो. ते न्हाई."

"अहो, विनोद सांगायचे. त्यात काय एवढं?"

शिकाऊ डॉक्टरीण मध्येच केसपेपर बघत म्हणाली, "सर, इथं लिहिलंय, कढईचा कान तुटून उकळतं तेल..."

"व्हय व्हय, कान तुटला," हे घाईनं म्हणाले.

मला आता बोलायची परवानगी होती. तोंड उघडलं, पण पाच दिवस न वापरलेला आवाज आलाच नाही. नुसती हवा आली. मी पाटी शोधायला लागले.

ती आत्याबाईंच्या हातात होती. खाटेच्या पायथ्याशी त्या उभ्या होत्या, आणि ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मला त्या नीट दिसल्या, कारण सिस्टरनं माझ्या खांद्याखालची उशी काढली होती. एवढ्याशा दिसत होत्या.

"कढईचा कान धड हुता, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

"आई, राहू दे."

"राहू दे, राहू दे म्हणून चार वर्सं राहिलं." त्यांनी पाटी छातीशी धरली. "ह्यो माझी नक्कल करत हुता. मी वास घेती न्हवं फोडणीचा, त्याची. असं नाक वर करून, डोळं मिटून. हिनं कढई उचललेली, टोपल्यातल्या चुरमुऱ्यावर वतायला. हिला हसू आवरंना. कढई कलंडली."

"आई!"

"मी हिच्यावरच्या रागानं भडंग सोडलं, असं वाटत असंल हिला. ह्याला वाटतंय, आपल्यामुळं झालं, म्हणून ह्यो गप झाला. मला कुणी इचारलंच न्हाई." त्यांचं नाक आपोआप वर गेलं, डोळे मिटले, आणि मिटलेलेच राहिले. "ही किंचाळली, डॉक्टर. मला वाटलं, हसतीच हाय. मी उंबऱ्यावर, मांडीवर वाटी, तोंडाला पदर लावून हसत हुते. हिचा गळा भाजत हुता आनि मी हसत हुते. काय करू, नक्कलच तशी झ्याक केली हुती माझ्या लेकानं."